जिन्यात ठेवलेलं ताट

(जून २०२१. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या एका बाईचं हे पत्र सात पानांचं आहे. लिहिणारीच्या परवानगीने थोडक्यात देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"ताई, मी ४३ वर्षांची. इचलकरंजीला राहते. एकत्र कुटुंब, घरचे आठ माग आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. सगळं बंद होतं, सासऱ्यांना दमा, दवाखान्यातून कोरोना घरात आणायला नको म्हणून गप्प बसले. दिवाळी झाल्यावर दाखवलं. जानेवारीत ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. बगलेतल्या दोन गाठींतही निघालं. फेब्रुवारीपासून केमो. चार लाल (लाल रंगाच्या औषधाच्या) केमो झाल्या, आता दर आठवड्याची चालू आहे. बारापैकी पाच झाल्या.

मला माडीवरच्या खोलीत ठेवलंय. ताट जिन्यात ठेवतात, ते खाली गेले की मी उचलते. मुलगी नऊ वर्षांची, ती खालून हाक मारते. मालक रोज दारातून सांगतात, पॉझिटिव्ह राहा. सासूबाई माझ्या डोक्याकडे बघत नाहीत. केमोच्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि तिसऱ्या दिवशी नुसतं रडू येतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी चौथी केमो होती. मालकांना कारखाना सोडता येईना म्हणून धाकटे भाऊजी गाडीने कोल्हापूरला घेऊन गेले. सहा दिवसांनी त्यांना ताप आला. ३ मे रोजी ते गेले. ३८ वर्षांचे होते. घरात मला कुणी एका शब्दाने बोललेलं नाही. पण मला माहीत आहे. तेव्हापासून मीच सांगितलंय, वर कुणी येऊ नका. जाऊ एकदा रात्री जिन्यात येऊन बसली होती. मी दार उघडलं नाही.

राहिलेल्या सात केमो नाही घेतल्या तर चालेल का? मीही सुटेन, घरचेही."

* * *

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. सोमवारी सहावी केमो आहे ना? ती घ्या.

केमो घ्यायची की नाही हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. हातापायाला इतक्या मुंग्या येतात की ब्लाउजचं हुक लावता येत नाही, असं सांगून आणि डॉक्टरांशी नीट बोलून एखादी बाई थांबली, तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. तुमच्या सात पानांत असलं एकही कारण नाही. तुमची गाठ ऑपरेशनमध्ये निघाली आहे. आताची केमो आहे ती कुठे काही उरलं असेल, स्कॅनमध्येही न दिसणारं, त्याच्यासाठी. आजार परत येण्याची शक्यता कमी करायला. मध्येच सोडली तर त्यातला किती फायदा हातचा जाईल हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी समुपदेशक आहे, डोसांचा हिशेब माझा नाही. पण "मीही सुटेन, घरचेही" हे वाक्य कॅन्सरबद्दलचं नाही एवढं मला कळतं.

तुमचं पत्र पोस्टाने आलं, वहीच्या आखीव पानांवर. पहिली पाच पानं निळ्या पेनाने लिहिली आहेत, शेवटची दोन काळ्या. निळ्या पानांवर गाठ, मालक, सासूबाई, गेलेले केस. काळ्या पानांवर भाऊजी. पाचव्या पानाच्या तळाशी "आपली विश्वासू" लिहून खोडलेलं दिसतं, म्हणजे पत्र तिथेच संपायचं होतं. मग कधीतरी तुम्ही दुसरं पेन घेऊन पुन्हा बसलात. बरं केलंत. आणखी एक गोष्ट लक्षात आली. निळ्या पानावर आहे, "मला माडीवर ठेवलंय". काळ्या पानावर आहे, "मीच सांगितलंय, वर कुणी येऊ नका". दोन्ही खरं असेल. घरच्यांनी तुम्हाला वर पाठवलं असेल ते काळजीने. पण ३ मे पासून कडी आतून लागलेली आहे.

हा सगळा मामला तुम्ही पत्रात "काळजी" या एकाच शब्दात घातला आहे. मला त्यात शिक्षा दिसते. आरोपी तुम्ही, न्यायाधीश तुम्ही, कोठडीही तुमच्याच माडीवर. आणि आता सात केमो सोडून शिक्षा वाढवून मागताय.

भाऊजींबद्दल "तुमच्यामुळे काही झालं नाही हो" असं म्हणून मी मोकळी होणार नाही. ते तुम्हाला पटणारही नाही, कारण तुम्ही तारखा जुळवून बसला आहात. १२ एप्रिलला दवाखाना, १८ एप्रिलला ताप. कोरोनाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात, बऱ्याच जणांत पाच-सहा. म्हणजे तुमचा हिशेब बसतो. पण त्याच हिशेबात आणखी काय काय बसतं ते बघा, तुमच्याच काळ्या पानांवर लिहिलेलं आहे. त्या आठवड्यात ते सुताच्या व्यापाऱ्याकडे दोनदा जाऊन आले. पाडव्याला मित्राच्या दुकानाची पूजा होती, तिथे प्रसादाला थांबले. कारखान्यात दोन कामगार खोकत होते, त्यातला एक नंतर गावी निघून गेला. १८ एप्रिलला, म्हणजे त्यांना ताप भरला त्याच दिवशी, महाराष्ट्रात ६८ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. एका दिवसात. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत आज कुणीतरी तुमच्यासारखंच कॅलेंडरवर बोट ठेवून बसलंय. ज्या घरात कॅन्सर नव्हता तिथे लग्नाला बोल लावतात, नाहीतर भाजीवाल्याला, नाहीतर पोराच्या मित्राला.

दवाखान्यातच लागण झाली असेल का? असेलही. ते आता कुणालाच, कधीच कळणार नाही, आणि ही न कळण्याची खाच उरणार आहे. मी ती बुजवू शकत नाही. पण समजा, तिथेच झाली. मग मला सांगा, भाऊजी गाडी घेऊन का निघाले होते? तुम्ही लिहिलंय, वाटेत ते म्हणाले, "वहिनी, श्रीखंड चालतं का ते डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर तुमच्या वाटणीचं मी खाणार." असं बोलणाऱ्या माणसाला कुणी जुंपलेलं नव्हतं. वहिनीला बरं करायला म्हणून त्यांनी आपण होऊन गाडी काढली. त्या गाडीचं भाडं केमो सोडून चुकतं होईल असं तुम्हाला वाटतंय.

एक विचारू? त्यांच्यासाठी तुम्ही रडलात का? काळ्या पानांवर "माझ्यामुळे" अकरा वेळा आहे, मी मोजलं. "त्यांची आठवण येते" एकदाही नाही. लग्न होऊन आलात तेव्हा ते शाळेत होते, तुमच्या हातचा डबा घेऊन जायचे. अशा माणसाचा निरोप तुम्ही माडीच्या खिडकीतून घेतलात, रुग्णवाहिका वळेपर्यंत. रक्षाविसर्जनाला चार माणसं. समाचाराला कुणी आलं नाही, लोकांनी फोनवर दोन शब्द बोलून ठेवून दिला. दुःखाला घरात यायला वाटच मिळाली नाही, आणि त्याच्या जागी अपराध येऊन बसला. माझ्याकडे यंदा येणाऱ्या बहुतेक बायकांचं असंच झालंय, कॅन्सर असो वा नसो.

आता त्या ताटाकडे येऊ. गेल्या वर्षी आपण कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली, दुधाच्या पिशव्या उन्हात वाळवल्या, पेपर बंद केले. मीही केलं, आणि साबणाच्या वासाची चटणीही खाल्ली. आता एवढं कळलंय की हा आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतो, बंद खोलीतल्या हवेतून. भांड्यांवरून, वस्तूंवरून लागण होण्याचा धोका फार कमी. म्हणजे जिन्यातलं ते ताट तुम्हाला कोरोनापासून फारसं वाचवत नाही. जेवण तेवढं गार होतं.

केमोत पांढऱ्या पेशी खाली जातात, काउंट पडतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यातली लाट अजून ओसरलेली नाही. त्यामुळे "खाली या आणि सगळ्यांत मिसळा" असं मी म्हणत नाही. पण कुणापासून किती जपायचं हे कोण कुठे फिरून आलं त्यावर ठरवा. तुमची मुलगी गेल्या वर्षीच्या मार्चपासून शाळेत गेलेली नाही. मोबाईलवर शाळा, आणि खेळायचं ते जिन्याखाली. अख्ख्या घरात सगळ्यात कमी धोक्याचं माणूस ती, आणि तीच खालून हाका मारते. मालक मात्र कारखान्यातून, कामगारांतून येतात आणि थेट तुमच्या दारात उभे राहतात. त्यांच्या तोंडावर मास्क असतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमच्या माडीला लागून गच्ची आहे. पाऊस नसेल त्या दिवशी संध्याकाळी तासभर मुलीला गच्चीवर बोलवा. दोघींना मास्क, मध्ये हात दीड हात नाही, चांगलं सहा फूट अंतर. तिला पाढे म्हणायला लावा, नाहीतर नुसतं बसू द्या. पावसाळी दिवशी खोलीच्या खिडक्या सताड उघडून ती दाराशी बसेल. काउंट फार खाली गेले असतील त्या आठवड्यात डॉक्टर नको म्हणाले तर नको. जेवणाचं ताट कुणीतरी हातात आणून द्यावं, मास्क लावून, आणि तुम्ही पहिला घास खाईपर्यंत दारात उभं राहावं. एवढं मागा. नऊ वर्षांच्या पोरीला आई वरच्या मजल्यावर आहे आणि भेटत नाही याचा अर्थ लावता येत नाही. काका दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, हे मात्र तिने पाहिलंय. ती काय जुळवत असेल, विचार करा. तिला सांगा की आईला कॅन्सर आहे, हा शब्द वापरून सांगा. तो एकमेकांपासून लागत नाही, तिच्या वागण्यामुळे झालेला नाही, आणि औषध चालू आहे. मुलं ऐकतात आणि लगेच दुसरंच काहीतरी विचारतात. ते चांगलं लक्षण असतं.

लसीचं राहिलं. तुमच्या वयाने तुमची पंचाईत केली. १ मार्चपासून ४५ वर्षांवरच्या सहव्याधीवाल्यांना लस मिळाली, त्या यादीत उपचार चालू असलेले कॅन्सरचे रुग्णही होते, पण तुम्ही ४३. मग १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना दार उघडलं आणि डोस पुरेनात म्हणून आपल्या राज्याने ते दोन आठवड्यांच्या आत लावलं. आता पुन्हा उघडतंय. सोमवारी डॉक्टरांना विचारा की केमोच्या कुठल्या दिवशी घेतलेली बरी. पण आधी मालकांची, सासू-सासऱ्यांची, जावेची झाली आहे का? तुमच्याभोवतीच्या माणसांनी लस घेणं हे तुमच्यासाठी जिन्यातल्या ताटापेक्षा कितीतरी मोलाचं.

ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. यंदा घरोघर "डोलो घे, बघू उद्या" चाललंय. केमोवरच्या बाईने असं करायचं नाही. कोरोना असो नसो, काउंट खाली असताना ताप म्हणजे रात्री दोन वाजताही दवाखान्यात फोन. "मला कुणी न्यायचं, पुन्हा कुणाला काही झालं तर" हा विचार त्या वेळी मनात येणार, म्हणून आत्ताच, सगळे शांत असताना, मालकांशी ठरवून ठेवा: गाडी कोण काढणार, फोन कुणाचा. फेऱ्या कमी करता येतील का हेही डॉक्टरांना विचारा. रक्त इचलकरंजीतच तपासून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला तर काउंट कमी असताना फुकटची खेप पडत नाही. पुढे रेडिएशन लागलं तर पूर्वी पाच आठवडे जावं लागायचं, आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत होतं.

मे ते नोव्हेंबरच्या उशिराबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची आकडेवारी गेल्याच महिन्यात "लॅन्सेट ऑन्कॉलॉजी"मध्ये आली. २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत तिथली नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली, १ लाख १२ हजारांवरून ५२ हजारांच्या आत आली. कॅन्सर काही कमी झाला नव्हता. साठ हजार माणसं घरी बसली होती. त्यातल्या किती जणी तुमच्यासारख्या पदराआड गाठ ठेवून सासऱ्यांचा दमा मोजत असतील? उशिराने काहीच फरक पडत नाही असं खोटं मी सांगणार नाही. पण स्तनातली कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच फसवते, आणि रेल्वे, एसटी, ओपीडी सगळं ठप्प असताना तुम्ही घरातल्या म्हाताऱ्याचा विचार केलात. मे महिन्यातल्या तुम्हाला नोव्हेंबरातलं काही माहीत नव्हतं. यावर मी आणखी लिहीत नाही, कारण खरा सल तुम्ही काळ्या पानांवर ठेवलाय.

रात्रीची झोप उडते आणि तिसऱ्या दिवशी रडू येतं, हे ऐकून तुम्हाला कदाचित हायसं वाटेल: त्यातला बराच भाग औषधाचा असू शकतो. आठवड्याच्या या केमोआधी रिॲक्शन येऊ नये म्हणून बहुधा डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड आहे. त्या रात्री माणूस टक्क जागा राहतो, आणि दोन-तीन दिवसांत त्याचा जोर उतरला की मन एकदम खाली बसतं. नर्सला विचारा, हेच औषध आणि हाच क्रम आहे का. त्याचा डोस कमी करता येईल का हे डॉक्टर बघतील. पाळी बंद झाली आहे, अंगातून वाफा येतात असंही तुम्ही लिहिलंय. त्यानेही झोप मोडते आणि चिडचिड होते. तेव्हा बुधवारी आलेलं प्रत्येक रडू "मी खचले" याचा पुरावा समजू नका.

पण सगळंच औषधावर ढकलता येणार नाही. केमोत भूक, झोप, थकवा यांवरून नैराश्य ओळखणं अवघड, म्हणून मी दुसरं विचारते. मुलीने खालून काही गंमत सांगितली तर क्षणभर तरी हसू येतं का? आठवड्यातला असा एखादा दिवस असतो का, जेव्हा मन जरा वर येतं? की दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळं एकाच रंगाचं झालंय, आणि "मी नालायक आहे" एवढंच डोक्यात फिरतं? आणि हे सरळच विचारते, कारण विचारल्याने असा विचार कुणाच्या मनात नव्याने येत नाही: "सुटेन" म्हणजे काय? केमोच्या त्रासातून, की जगण्यातून? भाऊजींच्या जागी मी गेले असते तर बरं झालं असतं, असं आप्तांच्या मृत्यूनंतर कितीतरी जणांना वाटतं. पण "काही करून घ्यावं" असं मनात येत असेल, गोळ्यांच्या डब्याकडे तसं लक्ष जात असेल, तर हे उत्तर वाचून संपवू नका. आत्ता मालकांना हाक मारा, डबा त्यांच्या हातात द्या आणि त्यांना कारणही सांगा. केंद्र सरकारच्या चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनला फोन करा, मराठीतही बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत (२०२१ मध्ये ती "किरण" होती, आता "टेली-मानस" आहे): १४४१६.

तसं नसलं तरी मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा. घराबाहेरही पडायला नको. गेल्या वर्षी २५ मार्चला सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले, तेव्हापासून फोनवर आणि व्हिडिओवर तपासून औषध लिहून देणं रीतसर झालंय. एक लक्षात ठेवा. तुमच्या बायोप्सीत ईआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे तुमचा कॅन्सर इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसला जाणारा आहे, आणि केमोनंतर ते हार्मोन अडवणारी टॅमोक्सिफेनची गोळी चालू होण्याची शक्यता आहे. नैराश्यावरची काही औषधं, विशेषतः पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमोक्सिफेनचं काम मंद करू शकतात. चालतील अशी दुसरी औषधं आहेत. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

बोलायला एकांत कुठून आणायचा, ही आणखी एक पंचाईत. गेल्या वर्षभरात माझं बहुतेक काम फोनवर चाललंय, आणि बायका कुठून कुठून बोलतात सांगू? गच्चीवरून, संडासातून, बंद रिक्षात बसून. एक जण पाण्याची मोटर चालू करायची आणि टाकी भरेपर्यंत बोलायची. पंचवीस मिनिटं. टाकी वाहायला लागली की "ठेवते ताई". तुमच्याकडे अख्खी माडी आहे. या बाबतीत तरी तुम्ही श्रीमंत.

ही ओळ मालकांना वाचायला द्या. दादा, यंदा "पॉझिटिव्ह" या शब्दाचं पार कडबोळं झालंय. तुमच्या बायकोचा ईआर पॉझिटिव्ह आला, त्यात थोडी चांगली बातमी होती. दर केमोआधी आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येऊ नये म्हणून तुम्ही देव पाण्यात घालता. आणि रोज दारात उभे राहून तिला पॉझिटिव्ह राहायला सांगता. मन खंबीर ठेवल्याने कॅन्सर बरा होतो किंवा रडल्याने परत येतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. तुमच्या त्या दोन शब्दांचा तिला ऐकू येणारा अर्थ असा: माझ्यासमोर घाबरू नकोस, मला झेपत नाही. खरंच झेपत नसेल. धाकटा भाऊ गेलाय तुमचा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माग चालू केलेत. तर मग तेच म्हणा. दारात, मास्क लावून, बसून: "मलाही भीती वाटते." बाकी काही सुचलं नाही तरी चालेल.

सासूबाईंना तुमची किळस येते असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. त्या वयाच्या बाईला घरातल्या सुनेचं बोडकं डोकं बघून काय काय आठवत असेल. त्यात आता धाकटी सून खरोखरच कपाळ पुसून बसली आहे, आणि गेलेला मुलगा त्यांचा होता. त्या तुमच्या डोक्याकडे बघत नसतील, तशा बहुधा तिच्या कपाळाकडेही बघत नसतील. केस येतील, केमो संपल्यावर महिना-दोन महिन्यांत दिसायला लागतील. ऑपरेशनच्या जागेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, "आरसा उलटा करून ठेवलाय". त्याला एका परिच्छेदात हात घालायची माझी हिंमत नाही. त्यावर पुन्हा लिहा, कुठल्याही पेनाने.

राहिली जाऊ. ती त्या रात्री जिन्यात पाऊण तास बसली होती. आत अंधार होता आणि तुम्ही दाराला कान लावून उभ्या होतात. कोण आहे हे कसं कळलं? तुम्ही लिहिलंय, "बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणून ओळखलं." इथे मी पत्र थोडा वेळ खाली ठेवलं.

ती काय बोलायला आली होती मला माहीत नाही. "तुमच्यामुळे" एवढंच ऐकवायचं असतं तर कुणी पाऊण तास गप्प बसत नाही, असा माझा अंदाज. तो चुकूही शकतो. तिच्या मनात राग असेल तर तोही ऐकावा लागेल, आणि ऐकून तुम्ही मरणार नाही. पण मला दुसरंच वाटतं. १२ एप्रिलचे ते पाच-सहा तास, इचलकरंजी ते कोल्हापूर आणि परत, फक्त तुमच्याकडे आहेत. तिचा नवरा गाडीत काय बोलला, दवाखान्याबाहेर कुठल्या झाडाखाली थांबला, येताना काय खाल्लं, कुणाची टिंगल केली. तिच्याकडे यातलं काहीच नाही. आणि त्यानंतर आठवडाभरात ताप, ऑक्सिजन, फोनवरचे निरोप.

केमोनंतर शुक्रवार-शनिवार उजाडला की तुम्हाला जरा बरं वाटतं असं दिसतंय. त्या दिवशी तिला निरोप धाडा. दोघींनी मास्क लावा, जिन्यातली खिडकी उघडा. ती खालच्या पायरीवर, तुम्ही वरच्या. आणि तिला ते श्रीखंडाचं सांगा.